तिथीची पाऊणपट

भाई,

जन्मभर तू मला 'मेल्या' म्हणालास. सकाळी भेटलो की 'काय मेल्या', जेवायला उशीर झाला की 'ये मेल्या', आणि रागावलास की पुढंमागं काही न लावता नुसतंच 'मेल्या'. आईचाही तोच शब्द, शेजारणींचाही तोच. रत्नागिरीत माया करायला याहून मऊ शब्द कोणाला सापडलेला नाही. पन्नाशी गाठेपर्यंत मी तो निमूट ऐकून घेतला, आणि खरा करायची वेळ आली तेव्हा मला न विचारता तूच पुढं गेलास. निदान ठराव तरी मांडायचास. चिटणीस घरातच होता.

परवा शुक्रवारी तुझा तेरावा झाला. तुला मूलबाळ नाही, म्हणून सगळं माझ्याच हातून. डोकं भादरल्यापासून आरशात बघितलं की मला आपले बाबा दिसतात, आणि बाबांना मी अजून भितो, म्हणून आरसा टाळतो. लोक येऊन गेले. एवढी वर्षं घाटातून एस्टी चालवली पण गाडीला कधी ओरखडा नाही, असं जो तो बोलला. मी मान हलवत राहिलो. मला घोर दुसराच होता.

पंधरा तारखेच्या रविवारी तू मला खडकावर बोलावलं होतंस आणि मी आलो होतो. आलो होतो, भाई. हे तुला कळलं का, की 'बापू आलाच नाही' असं मनात घेऊनच तू गेलास, एवढंच मला समजायला हवं होतं, आणि विचारायला तू नव्हतास. अकराव्या दिवसापासून त्या एका गोष्टीनं मला धड जेवू दिलेलं नाही. आज रविवार, संध्याकाळ आहे. आजच मला त्याचं उत्तर मिळालं. ते काय ते सांगतो, पण क्रमानं. इतिवृत्त लिहून लिहून सवयच तशी झाली आहे.

आधी हॉर्नचं सांगतो. आमचं घर वळणावर. लांज्याहून परत येणारी तुझी गाडी संध्याकाळी सव्वासातला तिथून जायची आणि तू दोनदा हॉर्न द्यायचास, आखूड. सुमन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात वर करायची, मी घरात असलो तर पेपरातून मान वर करायचो. गाडी अजून येते. दुसरा माणूस चालवतो. बिचारा हॉर्न देत नाही, त्यानं का द्यावा? तरी सव्वासातला मला तो ऐकू येतो. पहिल्या दिवशी मी ताटावरून उठलो. सुमन म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा उठलो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. बघतो तर तिनंही आमटी ढवळता ढवळता पळी थांबवलेली होती.

मग आपलं जुनं भांडण. ते सोडवायचं राहिलंच.

रविवार तुझा सुट्टीचा. कमरेला टॉवेल, हातात पत्र्याचा डबा, डब्यात गरी, शिशाचे गोळे, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली नायलॉनची दोरी आणि कागदात चार कोळंब्या. मिऱ्याच्या टोकाखालच्या त्या काळ्या आडव्या खडकावर जाऊन तू गळ टाकून गरवायला बसायचास. काठी नाही, काही नाही. दोरी बोटावर घेऊन तीन-तीन तास. संध्याकाळी घरी आणायचास ती बोटभर शेंगटी. वहिनी तिला शेपटीला धरून उचलायच्या आणि म्हणायच्या, "याचं कालवण करू की बारसं?"

मी तुला म्हणायचो, भाई, हा वेळ फुकट जातो. आणि मला म्हणायचा अधिकारही होता. वाचनालयाचा चिटणीस मी, आळीतल्या गणपतीचा मी, शाळेच्या पालक सभेचा मी. कोणी न मागितलेली एक स्मशान सुधारणा समिती होती, तिचाही मीच. त्या समितीनं एक बाक मंजूर करून दोन वर्षं झाली. बाक अजून आलेलं नाही. तुझ्या दिवशी मी तिथं उभाच होतो, आणि आळीतल्या दोघांनी मला तेवढ्यात हळूच विचारलंही, बाकाचं काय झालं.

"तीन तासांत वाचनालयाची अख्खी यादी होते," मी तुला सांगायचो.

"मग? यादी झाल्यावर काय करतंस?"

"दुसरी यादी."

"बघ," तू म्हणायचास. "अरे, गाडीसुद्धा डेपोत लावली की इंजिन बंद करतात. तुझं उतारावर पण चालू नि उभ्यावर पण चालू. एक दिवस पाण्यावाचून तापेल."

"तुझं बरं आहे. समुद्राकडं बघत बसायचं."

"सहा दिवस माझ्या पाठीमागं साठ माणसं बोलत असतात. सातव्या दिवशी समुद्र बोलतो. पण तो उत्तर मागत नाय."

यावर मी घड्याळ बघायचो.

एकदाच आलो होतो तुझ्याबरोबर. सात-आठ वर्षं झाली असतील. छत्री, पेपर, थर्मास आणि तपासायची पुस्तकांची यादी, एवढं घेऊन मी मासे धरायला निघालो होतो. तू बघितलंस आणि डबा उचलून पुढं चालू लागलास. खडकावर मी तासाभरात तीनदा विचारलं, "अजून नाही लागला?" थर्मासचं झाकण पाण्यात पाडलं. गणपतीच्या वर्गणीवरून आळीत कोण काय बोललं ते सगळं तुला सांगितलं. तुझ्या दोरीला जरा ओढ लागली तेव्हा मी असा काही ओरडलो की मिऱ्यावरचे कावळे उडाले, मग माशाचं काय घेऊन बसलास. तू शांतपणे दोरी गुंडाळलीस.

"बापू, तू बसलास कुठं? तू टेकलास नुसता."

"बसणं काय नि टेकणं काय."

"टेकलेल्या माणसाचे पाय उठायच्या बाजूला असतात."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय रस्त्याच्या बाजूला होते. समुद्राकडं माझी पाठ होती, भाई. तासभर.

त्यानंतर तू मला दर महिन्याला एकदा तरी बोलावलंस आणि मी दर वेळी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणालो. ते म्हणताना मी खोटं बोलत नसे. पुढच्या रविवारी खरंच मोकळा असेन असं मला दर वेळी वाटायचं.

या महिन्याआधीच्या महिन्यातली गोष्ट. मी स्टँडवर कोणाला तरी सोडायला आलो होतो. तुझी गाडी फलाटाला लागलेली, इंजिन चालू. तू खिडकीतून मान बाहेर काढलीस.

"बापू, येत्या सप्तमीला ये. रविवार आहे. खडकावर. पाऊणपट करून ये."

"काय विशेष?"

"बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"तिथं बोलू. इथं काय साठ माणसांत?" कंडक्टरनं घंटी मारली. तू गिअर टाकलास आणि वर म्हणालास, "विसरशील मेल्या. लिहून ठेव."

बोलायचंय म्हटल्यावर मी हललो. तू कधी 'बोलायचंय' म्हणून बोललेला माणूस नव्हेस. घरी जाऊन मी कागद घेतला आणि संभाव्य विषय काढले. एक, पुढच्या वर्षीची तुझी निवृत्ती. दोन, मिऱ्याच्या घराची कौलं. तीन, वहिनींचा गुडघा. प्रत्येकाखाली माझी मतं लिहिली. चौथ्या क्रमांकावर 'तब्येत?' असं लिहून पुन्हा खोडलं. तेवढं एक खोडलं नसतं तर, असं आता वाटतं. पण खोडलं.

पाऊणपटीचं आपल्या माणसाला सांगायला नको. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता समुद्राला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाणी भरायच्या आधी तासभर जाऊन बसायचं, मासा तेव्हा कडेला येतो. बाबांनी आपल्याला पावकी, निमकी, पाऊणकी सगळं घोकायला लावलं. मला सगळं पाठ होतं. तुला फक्त पाऊणकी यायची, आणि मास्तरांचा मार खाऊनही बाकीचं काही शिकायचं तू नाकारलंस. गणितात पहिला मी आणि ढ तू. या घराचा इतिहास असा आहे.

तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरात सप्तमी शोधली. पंधरा तारीख, रविवार. तिथंच पेन्सिलनं पाऊणपट केली आणि सव्वाअकरा काढले.

सव्वाअकराला मी खडकावर होतो. थर्मास नाही, पेपर नाही, फक्त विषयांचा कागद. तू नव्हतास. ऊन डोक्यावर आलेलं. पाणी खडकाच्या पायथ्यापासून पार खाली गेलेलं, खडकाला चिकटलेली कालवं उघडी पडलेली, दोन खेकडे माझ्याकडं बघत होते. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला एवढ्यावरून काहीतरी कळायला हवं होतं. मला वाटलं, समुद्रालाही उशीर झालाय.

मी वाट बघितली आणि मग मला राग आला. फार राग आला. आयुष्यात एकदा हा 'बोलायचंय' म्हणून बोलावतो नि मी येतो, आणि नेमका तेव्हा हा नाही. ज्याची गाडी मिनिटभर कोणासाठी थांबत नाही तो भावाला उन्हात उभा करतो. विषयांच्या कागदाचा खालचा अर्धा भाग फाडला आणि त्यावर लिहिलं, 'सव्वाअकराला हजर होतो. आपण नव्हता. पाऊण तास वाट पाहिली. चिटणीस.' खरं तर वीसच मिनिटं पाहिली होती. तू डबा जिथं ठेवायचास त्या वरच्या खाचेत चिठ्ठी ठेवून वर दगड ठेवला आणि तरातरा निघून आलो. दुपारी एक सभा होती. तिथं सगळ्यांना मी जरा जास्तच बोललो.

पुढचे चौदा दिवस लिहायला जड जातात, पण लिहितो.

तू रोज सव्वासातला हॉर्न दिलास. मी पेपरातून मान वर केली नाही. एकदा स्टँडसमोरच्या रस्त्यावर तुझी गाडी माझ्या शेजारून गेली, दोनदा हॉर्न झाला. मी समोरच्या दुकानातल्या चपलांकडं बघत राहिलो. बायकांच्या चपला होत्या. तू तिसऱ्यांदा दिलास. तिसऱ्यांदा तू कधी द्यायचा नाहीस. मी वळलो नाही. आठवड्यानं तू घरी आलास तर मी पालक सभेला गेलेला. परत आलो तेव्हा सुमन म्हणाली, "भाई येऊन गेले. बसले नाहीत. खिशाला हात लावला, मग म्हणाले, राहू दे, त्यालाच देईन."

"काय देणार होता?"

"मला काय माहीत? हसत होते."

हसत होता म्हटल्यावर मी आणखीच फुगलो. "गरज असेल तर येईल परत," असं म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो. हे वाक्य मी उच्चारलं, भाई. पाण्याचा तांब्या हातात होता. मला तो तांब्यासुद्धा आठवतो.

मग तो एकोणतीस तारखेचा रविवार. जेवून तू आडवा झालास, वहिनींना म्हणालास, साडेतीनला उठव. साडेतीनला त्यांनी चहा ठेवला आणि हाक मारली. दुसरी हाक मारली. एवढंच. मला निरोप आला तेव्हा मी गणपतीच्या मागच्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त पक्कं करत होतो. पेन टोपण न लावता तसंच ठेवलं, त्याची शाई वाळून गेली. ते पेन आता चालत नाही.

अकराव्या दिवशी भटजी म्हणाले, "तिथी लिहून ठेवा. पुढं वर्षश्राद्धाला लागेल. तारखेवर जाऊ नका, माणसं तिथंच चुकतात." मी कॅलेंडर काढलं, पान मागं उलटलं. एकोणतीस, रविवार, शुद्ध षष्ठी. लिहून घेतलं. आणि पान परत उलटताना वरच्या ओळीत माझं पेन्सिलीचं अक्षर दिसलं. रविवारचा लाल पंधरा आणि त्याच्याखाली, '१५ ची पाऊणपट = ११।'.

भाई, मी तारखेची पाऊणपट केली होती.

सप्तमी शोधली, बरोबर शोधली, आणि गुणाकार केला तो वरच्या मोठ्या लाल आकड्याचा. सात पाऊणे सव्वापाच. तू संध्याकाळी सव्वापाचच्या भरतीला बोलावलं होतंस आणि मी भर ओहोटीला जाऊन तुझ्यावर रागावून आलो. गणितात पहिला. कचेरीत वीस वर्षं तारखा घालून घालून माझ्या डोळ्यांना तिथी दिसायचीच बंद झाली होती. भटजी पुढचं साहित्य सांगत होते, तीळ, दर्भ, आणि मला नुसता तो खडक दिसत होता, त्यावर पाणी चढतंय आणि तू बसला आहेस, आणि मधून मधून मान वळवून रस्त्याकडं बघतोस. ज्याची गाडी कोणासाठी थांबत नाही तो.

काल मी वहिनींकडं गेलो. त्यांना सगळं सांगितलं, चपलांचं दुकानसुद्धा. त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतात की काय असं वाटलं, पण त्यांना हसू येत होतं आणि ते त्यांना बरं वाटत नव्हतं.

"त्या दिवशी घरी आला तेव्हा काय म्हणाला?" मी विचारलं.

"दिवे लागल्यावर आले. मी विचारलं, आले का भावजी? तर म्हणाले, राहू दे."

"वहिनी, त्याला बोलायचं काय होतं?"

"बोलायचं?" त्यांना आठवायला वेळ लागला. "काही नाही हो. मला म्हणाले, नुसतं बसायला ये म्हटलं तर बापू यायचा नाही. बोलायचंय म्हटलं की मीटिंग समजून येईल."

जन्मभर तू कोळंबीचा तुकडा लावून मासे धरलेस. मला धरायला काय लावावं लागतं हेही तुला बरोबर ठाऊक होतं.

निघताना वहिनींनी तुझा डबा माझ्या हातात ठेवला. "मी काय करू याचं? तुम्ही घेऊन जा. निदान गरी गंजायच्या आधी एकदा पाण्यात घाला."

म्हणून आज आलो. वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. सुमनकडून दोनदा तपासून घेतलं. पावणेतीनलाच खडकावर पोचलो. पाणी चढत होतं. आंब्यांना मोहोर आलाय, त्याचा वास तिथपर्यंत येत होता. हातात यादी नव्हती, त्यामुळं हातांचं काय करावं ते कळेना. डबा उघडला. बुचाला टोचलेल्या गरी, शिशाचे गोळे, दोरी. दोरी उचलली तर खाली चिठ्ठी.

माझीच चिठ्ठी. लाटांच्या शिंतोड्यांनी माझी शाई फुटली होती, 'आपण नव्हता' एवढं वाचता येत होतं. खाली पेन्सिलनं तुझं अक्षर, लॉगशीट भरतोस तसं, एका रेषेत:

'चिटणीस मेल्या, आलास ते बघून बरं वाटलं. तारखेची पाऊणपट केलीस. समुद्राला तारीख कळत नाय. पुढची मीटिंग षष्ठीला, रविवारी. विषय: काही नाही.'

मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही. तुला कळलं होतं. त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू एकदाही रागावला नव्हतास. ते हॉर्न, तो तिसरा हॉर्न, खिशाला लावलेला हात, सगळं ही चिठ्ठी मला द्यायला होतं. आणि षष्ठी, रविवार. साडेतीनला उठव म्हणालास तो इथं यायला. मी येणार नाही हे ठाऊक असून. की येईल असं वाटत होतं तुला? तेवढं मात्र चिठ्ठीत नाही.

घोर संपला असं म्हणू का? संपला, आणि त्याच्या जागी हे येऊन बसलंय. तू रागावून गेलास असं वाटत होतं तेव्हा निदान आपण दोघं रुसलेले होतो. आता कळतं, रुसलेला मी एकटाच होतो, आणि तू माझ्या दारावरून हसत जात होतास.

वाटेत घेतलेली कोळंबी लावून दोरी टाकली. पाय समुद्राच्या बाजूला केले. पहिला अर्धा तास वाईट गेला. वाचनालयाचं आठवलं, बाकाचं आठवलं, बूट सैल वाटला, मान आपोआप रस्त्याकडं वळली. मग केव्हातरी वळायची थांबली. पाणी खडकाच्या खालच्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. मी काही विचार करत होतो असं नाही. तुझाही करत नव्हतो, रागावू नकोस. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी तुझा विचार करत नव्हतो आणि तू तिथं होतास.

तेव्हा बोटावरच्या दोरीला ओढ लागली. दोनदा. आखूड.

मी ओरडलो नाही. हळूच दोरी ओढून घेतली. गरीला मासा नव्हता आणि कोळंबी जशीच्या तशी लावलेली. कोणी म्हणेल लाट असेल, दगडात अडकली असेल. म्हणू दे. सुमनलाही मी हे सांगणार नाही. तुला सांगतोय, कारण तुला माहीत आहे.

रिकाम्या हातानं घरी आलो. सव्वासात झाले, गाडी वळणावरून गेली. मी उठलो नाही. मान वर केली आणि हात वर केला, एवढंच. सुमननं बघितलं आणि पळी हलवायला लागली.

आता कॅलेंडर समोर घेऊन बसलो आहे. उद्या सोमवार, वद्य षष्ठी. तुझी शुद्ध होती, ही वद्य, पण पाणी दोन्ही षष्ठींना एकाच वेळेला भरतं. कचेरीत दुपारनंतरची रजा मागणार आहे, वीस वर्षांत पहिल्यांदा मीटिंगखेरीज दुसऱ्या कारणासाठी. पाच वाजता वाचनालयाची सभा आहे. तिच्या इतिवृत्तात पहिल्यांदाच 'चिटणीस गैरहजर' असं लागेल, आणि ते लिहायला चिटणीस नसेल, म्हणजे बहुधा लागणारच नाही.

सहा पाऊणे साडेचार. येतो, भाई. बोलायचं काही नाही.

बापू